बुधवारची पाहणी

शिंत्रे सरांचा फोन नेमका आमच्या सकाळच्या मीटिंगमध्येच यायचा. आम्ही सगळे काचेच्या खोलीत गोल करून उभे असायचो, काल काय केलं आणि आज काय करणार हे एकेक जण सांगत असायचा, आणि माझ्या मुठीतला फोन थरथरायला लागायचा. माझा मॅनेजर प्रसन्न देवस्थळी तेव्हा माझ्याकडे न बघता छताकडे बघायचा. त्याच्या रागाची हीच पद्धत होती.

त्या दिवशी फोन थांबेना. मी सरळ बाहेर पडले आणि जिन्यात जाऊन घेतला.

"हेमांगी, बुधवारी येतायत," सर म्हणाले.

"कोण?"

"पालिकेचे. अभियंता स्वतः येणार आहे. पुढच्या बुधवारी, सकाळी आठला. आपला ट्रॅक ठेवायचा की काढायचा ते डोळ्यांनी बघून ठरवणार म्हणे. सायकली दिसल्या तर राहील. नाही दिसल्या तर खांब उपटून तिथे पार्किंग. बाळूनं सांगितलं."

बाळू म्हणजे आमचे नगरसेवक. चौकाचौकात त्यांचे हात जोडलेले फ्लेक्स असत, पुढे 'साहेब' आणि मागे 'दादा' लावलेले. पण तळसवाडीच्या शाळेत सरांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या होत्या, त्यामुळे सरांच्या लेखी ते बाळूच राहिले.

तळसवाडी हे शहराच्या टोकाचं गाव. आमचा आयटी पार्क उभा राहिला तो त्याच गावाच्या शेतांवर. गाव आणि पार्क यांच्या मधला रस्ता मोठा झाला, त्यावर टँकर आले, बस आल्या, आणि गावातल्या माणसांना स्वतःच्याच रस्त्यानं चालणं अवघड झालं. त्या रस्त्याच्या कडेला आम्ही भांडून भांडून एक हिरवी पट्टी मिळवली होती. मध्ये नारिंगी खांब, आत सायकली. पट्टी अरुंद होती आणि रंग पहिल्या उन्हाळ्यातच उडाला, पण तिच्यावरून गावातल्या बायका रोज पार्कात कामाला यायच्या. कुणी झाडलोट करायची, कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी पाळणाघरात. त्यांच्यामागून हायस्कुलात जाणाऱ्या मुली.

या बायकांना सायकल सरांनीच शिकवली होती. सर पी.टी.चे. एक काळ असा होता की सातवी झाली की तळसवाडीच्या मुली घरी बसायच्या, कारण पुढची शाळा लांब आणि एसटीचा भरवसा नाही. सरांनी कुठून कुठून जुन्या सायकली जमवल्या, मैदानात मुलींना शिकवलं, आणि शिकवलं ते कवायतीसारखं. शिट्टी वाजली की दोन-दोनची रांग, दुसरी वाजली की वळण, रांगेत कुणी बोलायचं नाही. त्या मुली आता चाळिशीकडे झुकल्या होत्या, पण सर दिसले की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

मलाही सर शिट्टीमुळेच भेटले. मी गावात भाड्यानं राहायला आले होते आणि हौसेनं सायकल घेतली होती. पहिल्याच आठवड्यात उलट्या बाजूनं येत होते, तर मागून कर्कश शिट्टी. पांढरी पँट, पांढरा शर्ट, काळी जुनी सायकल. "शाळेत असतीस तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या," असं म्हणून त्यांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा नीट केला आणि घरी चहाला नेलं. त्या चहाची किंमत मी अजून मोजतेय असं मी त्यांना चिडवायचे, कारण त्यानंतर माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

आमच्या मंडळाचं नाव तळसवाडी सायकल मंडळ. बाकीच्यांना काहीतरी झुळझुळीत इंग्रजी नाव हवं होतं. सर म्हणाले, मंडळ म्हटलं की गावात कुणी पुढचं विचारत नाही. सभासद बहुतेक माझ्यासारखेच, लॅपटॉपवाले. व्हॉट्सॲपवर टायर किती रुंद असावा यावर ते दोन-दोन दिवस भांडायचे. पालिकेत जायची वेळ आली की मात्र सर आणि मी. "मी बोललो की ते ऐकतात, पण लिहून घेत नाहीत," सर म्हणायचे. "तू कॉम्प्युटर उघडलास की लिहून घेतात. तेव्हा तू बोल."

तर बुधवारी बोलायचं होतं मी. आणि नेमक्या त्याच बुधवारी आमचे परदेशातले क्लायंट येणार होते, आणि सकाळी नऊला त्यांच्यापुढे आमच्या नव्या व्हर्जनचा डेमो मलाच द्यायचा होता.

एरवी मी फारसा विचार केला नसता. पण ते दिवस वाईट होते. चौथ्या मजल्यावरची एक अख्खी टीम एका सोमवारी दिसेनाशी झाली. खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर टाकलेले स्वेटर होते, माणसं नव्हती. आमच्या मजल्यावर लोक हळू आवाजात बोलायला लागले होते. मी प्रसन्नकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"बुधवारी तू नसलीस तर पुढच्या वेळी मी तुला वाचवू शकणार नाही. धमकी देत नाहीये. सांगतोय."

संध्याकाळी मी सरांच्या ओट्यावर बसले होते. सरांच्या पत्नी, माई, पोहे घेऊन आल्या. सरांनी विचारलं, बुधवारचं नक्की ना. मी म्हटलं, नक्की. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांकडे बघायची सवय होती त्यांना.

"नोकरीवर येईल का गं?"

"येऊ दे," मी म्हटलं. "बघते काहीतरी."

सर शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसले. माई म्हणाल्या, पोहे गार होतायत.

दुसऱ्या दिवशी मी प्रसन्नच्या केबिनमध्ये शिरले आणि बरंच काही बोलले. माझा स्वभाव तसा तापटच, आणि रात्रभर तडफडल्यावर तो काही थंड झालेला नव्हता. तू हवं तर काढून टाक, पण ज्या बाया तुझा चहाचा कप विसळतात त्या ज्या रस्त्यानं येतात त्यासाठी मला तीन तास पाहिजेत, असं काहीसं मी म्हणाले. तो छताकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "डेमो साडेअकराला करतो. अकराला जागेवर हवीस."

मला नाचावंसं वाटलं. संध्याकाळी सायकल हाणत गावात आले, सरांना सांगायला. सर फाटकातच उभे होते आणि माझ्याहून जास्त खुशीत होते.

"तुझं काम झालं," ते म्हणाले. "पाहणी रविवारी. बुधवारच्या आधीच्या रविवारी. बाळूला बुधवारी दुसरा कार्यक्रम आहे, आणि अभियंता साहेबांनाही रविवारच बरा. मंडळाच्या सगळ्यांनाही सुट्टी. आता बोल."

माझी रजेची बातमी ओठांवर आली होती, ती तिथेच राहिली. म्हटलं, आता काय उपयोग सांगून. उलट बरंच झालं, प्रसन्नचे उपकार नकोत. मात्र एक गोष्ट मी विचारली, कारण ती कुणालाही सुचली असती.

"पण सर, रविवारी बायकांना सुट्टी असते. मुलींना पण."

"सांगतो ना मी. घरोघर जाऊन सांगतो. एक रविवार यायचं, त्यात काय."

आणि ते खरंच घरोघर गेले. दोन दिवस फिरत होते. मला म्हणाले, एकीनंही नाही म्हटलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर रविवारचं कळवलं तेव्हा अंगठ्यांचा पाऊस पडला. शुक्रवारी मी आमच्या पॅन्ट्रीत नंदाला विचारलं. नंदा आमच्या मजल्यावर चहा-कॉफी बघायची. सरांची विद्यार्थिनी, आणि सगळ्यांत वेगानं सायकल मारणारी.

"रविवारी येताय ना सगळ्या?"

"व्हय ताई. सरांनी सांगितलंय न्हवं," ती म्हणाली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

मी कॉफी घेऊन जागेवर गेले.

रविवारी सकाळी मंडळ आलं. असं आलं की मी कौतुकानं बघतच राहिले. एरवी सभेला पाच डोकी जमायची मारामार, आज सगळेच्या सगळे. चकचकीत हेल्मेटं, काळे गॉगल, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. ज्यांची घरं लांब होती ते सायकली गाडीच्या मागे बांधून घेऊन आले होते आणि गाड्या त्यांनी हिरव्या पट्टीला लागून ओळीनं उभ्या केल्या होत्या. कुणी केळी आणली होती, कुणी सगळ्यांना पुरतील एवढे चिक्कीचे तुकडे. सगळे खुशीत होते. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं असं आता म्हणता येतं, पण खरं सांगायचं तर मलाही ते दृश्य छानच वाटलं.

सर पांढऱ्या कपड्यांत, इस्त्री केलेले, गळ्यात शिट्टी. ते आमच्याकडे बघत नव्हते. त्यांचे डोळे गावाकडच्या वळणावर होते.

आठ वाजले. वळणावर कुणी नव्हतं.

अभियंता जीपमधून उतरला. घाटगे नाव. नगरसेवक मात्र आलेच नाहीत. घाटगेंच्या बरोबर रस्त्यावरच्या दुकानदारांचे दोघे होते, ज्यांना पार्किंग हवं होतं. मी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून सगळं सांगितलं. किती सायकली जातात, कधी जातात, खांब काढले तर काय होईल. घाटगेंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"मॅडम, हे मी ऑफिसात वाचलंय," ते शेवटी म्हणाले. "मला आज माणसं बघायची होती. ही सगळी मंडळी कुठून आली?"

मी शहरातल्या चार-पाच भागांची नावं सांगितली.

"आणि या गाड्या कुणाच्या?"

सगळे गॉगल पुसायला लागले. मग मीच म्हटलं, यांच्याच.

दुकानदारांपैकी एकजण हसला. सर पुढे झाले. "थोडं थांबा. माझ्या मुली येतील. मी स्वतः सांगून आलोय," असं म्हणाले आणि वळणाकडे तोंड करून त्यांनी शिट्टी वाजवली. लांब, एका दमात. आमच्यातले दोघं-तिघं दचकले. गावाकडून एक सायकल येताना दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. जवळ आली तेव्हा बघितलं तर सायकल नंदाची, पण वर तिचा नवरा, आणि हँडलला मटणाची काळी पिशवी. तो पट्टीवरून न येता भर रस्त्यातून आला. "नमस्कार सर," म्हणाला आणि निघून गेला.

घाटगे सरांच्या वयाकडे बघून अर्धा तास थांबले. मंडळानं तेवढ्यात पट्टीवरून दोन चकरा मारून दाखवल्या. जाताना ते माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"छंद चांगला आहे तुमचा. टेकडीच्या बाजूला एखादा रस्ता रविवारपुरता बंद करून देता येतो का, ते बघतो मी. पण हा वाहतुकीचा रस्ता आहे."

जीप गेली. मंडळातलं कुणीतरी म्हणालं, निदान ग्रुप फोटो काढू. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. मग फोटो काढलाच. सर मध्ये उभे राहिले, कारण सगळ्यांनी आग्रह केला.

बुधवारी मी सकाळी लवकर ऑफिसात गेले. रजेचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे डेमो परत नऊ वाजता. प्रसन्न आणि मी सहाव्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत रंगीत तालीम करत होतो. त्या खोलीची एक भिंत सगळी काचेची, खाली रस्ता. मी स्क्रीनवरचं काहीतरी दाखवत होते आणि प्रसन्न उठून काचेशी गेला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

मी गेले. खाली हिरव्या पट्टीवर बायका होत्या. पार्काच्या निळ्या ॲप्रनमधल्या, पाळणाघराच्या गुलाबी साड्यांतल्या, मागे शाळेच्या गणवेशातल्या मुली. एरवी त्या यायच्या त्या विस्कळीत, जिला जशी वेळ होईल तशा. आज दोन-दोनची रांग होती आणि ती संपतच नव्हती. पार्काच्या फाटकापर्यंत आली आणि आत न शिरता वळली. परत गावाच्या दिशेनं गेली, परत आली. कडेला सर उभे होते, पांढरे, एकटे. काचेतून शिट्टी ऐकू येत नव्हती. पण रांग एकदम वळायची, त्यावरून ती वाजत असणार.

बाकी बघायला कुणी नव्हतं. जीप नव्हती, घाटगे नव्हते, मंडळाचं कुणीही नव्हतं. टँकर जात होते.

"पाहणीला आल्यात," मी म्हटलं.

"पण ती रविवारी झाली ना?"

"हो."

प्रसन्न काचेशी तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "जाऊन ये. मी थांबवतो त्यांना."

मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळाले. खाली पोचले तोवर बायकांची हजेरीची वेळ झाली होती आणि रांग फाटकातून आत गेली होती. सर रुमालानं शिट्टी पुसत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"सर, आज कुणी येणार नव्हतं," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

"माहीत आहे गं मला. मी दूध आणायला निघालो होतो, तर वळणावर या सगळ्या उभ्या. म्हणाल्या, सर, रविवारी चुकलो, पहिला वार बुधवारचाच होता ना, आज आलो."

"मग तुम्ही सांगायचं ना त्यांना, की संपलं म्हणून."

"त्या आल्या होत्या," सर म्हणाले. "कुणीतरी बघायला नको?"

त्यांनी शिट्टी खिशात ठेवली. दुधाची पिशवी सायकलच्या हँडलला होती, ती त्यांनी नीट केली आणि मला म्हणाले, जा, तुझी मीटिंग असेल. मी वर गेले. पॅन्ट्रीत नंदा ॲप्रनची नाडी बांधत होती, कपाळावर घाम, आणि खुशीत होती. सायब कुठं उभा हुता, आमाला दिसला न्हाई, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, साहेब रविवारीच येऊन गेले. तुम्ही रविवारी का नाही आलात?

तिनं इकडे तिकडे बघितलं. "रविवारी सायकल आमच्या हातात नसती ताई. सकाळधरनं घरधनी न्हेतो. मटन आणायचं, मग तिकडंच पत्त्याला बसायचं. समद्यांच्या घरी तीच गत. आन पानी, धुनं, पोरं. रविवारीच तर असतंय समदं."

"मग सरांना तेव्हाच सांगायचं होतं."

"सरांना न्हाई कसं म्हनायचं?" ती म्हणाली. मी अगदी भलतंच बोलले असावे असा तिचा चेहरा झाला. "आन ते तर तुमच्यापायी सांगाय आले हुते."

"माझ्यापायी म्हणजे?"

"तुमाला सांगू नका म्हनलेले. पर आता काय ऱ्हायलंय त्यात. बुधवारी हेमांगी आली तर तिची नोकरी जाईल, म्हून रविवार मागून घेतला म्हनले. बाळूशेट राजी नव्हता, दोनदा गेले त्याच्या दारात. आमी म्हनलं, ताईंसाठी तर येतोच."

तिनं माझ्यासाठी कॉफी ओतली. मी ती घेऊन मोठ्या खोलीत गेले आणि डेमो दिला. चांगला झाला. क्लायंटांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या आधी खांब उपटले. त्या जागी गाड्या लागायला लागल्या. बायका काही दिवस त्याच रस्त्यानं टँकरच्या कडेकडेनं आल्या. मग एका टँकरनं नंदाच्या जावेला ढकललं, तिचं मनगट मोडलं, आणि त्यानंतर घरोघरची माणसं सायकलला नाही म्हणायला लागली. कुणी शेअर रिक्षा धरली, कुणी काम सोडलं. हायस्कुलातल्या मुलींचं काय झालं ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. मंडळाचा ग्रुप अजून आहे. टेकडीवरचे फोटो येतात त्यावर, उगवत्या सूर्यासकट.

मार्चअखेरीला आमची टीम बंद झाली. सगळी. प्रसन्नसुद्धा. एका सोमवारी कार्ड लावलं तर दारच उघडेना. माझा स्वेटर खुर्चीवर राहिला.

ही गोष्ट मी सरांना सांगितली नाही. सांगणं शक्यच नव्हतं. ज्या नोकरीसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बाळूच्या दारात जाऊन काही मागितलं, ती नोकरी त्यांच्यासाठी तरी शाबूत राहायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी रोजच्या वेळेला तयार झाले, पाठीवर लॅपटॉपची बॅग टाकली आणि सायकल काढली. सर फाटकात उभे होते.

"नोकरी काय म्हणते?"

"चांगली आहे, सर."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि हात वर केला.

मी पार्काच्या फाटकापर्यंत गेले, पेट्रोल पंपामागून वळले आणि मागच्या गल्लीनं घरी आले. मग हे रोजचंच झालं. काही महिन्यांनी मला घरबसल्या करायचं एक काम मिळालं, आधीपेक्षा हलकं. तरी मी सकाळी आधी सायकल काढायचे, सरांच्या फाटकावरून जायचे, पार्काला हात लावून परत यायचे, आणि मग टेबलाशी बसायचे. त्या रस्त्यावर तेव्हा माझ्याखेरीज एकही सायकल नव्हती. टँकर मागून हॉर्न देत राहायचे. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. पण फाटकात सर उभे असायचे, कधी स्वेटर घालून, पुढे पुढे काठी टेकून. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर.

पुढच्या वर्षी सर गेले. झोपेतच गेले. दिवस झाल्यावर मी माईंना भेटायला गेले. घरात पाहुणे नव्हते. भिंतीवरच्या खिळ्याला शिट्टी लटकत होती. तिच्याकडे बघता बघता मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून मी माईंना सगळं सांगितलं. टीम बंद झाली ते, पेट्रोल पंपामागून वळायचे ते. म्हटलं, एक बरं झालं माई, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माईंनी माझ्याकडे बघितलं.

"कळलं नाही कसं? नंदानं त्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं."

मी एवढंच विचारलं, की मग रोज नोकरीचं का विचारायचे.

"मी पण म्हटलं त्यांना," माई म्हणाल्या. "पाय सुजलेत, कशाला उभे राहता फाटकात, ती काही ऑफिसला जात नाही. तर म्हणाले, ती येते ना रोज. कुणीतरी बघायला नको?"

माई चहा टाकायला आत गेल्या. चहा झाल्यावर मी निघाले. फाटकाबाहेर पार्क केलेल्या गाड्यांच्या मध्ये माझी सायकल उभी होती. ती मी हातात धरली आणि चालतच घरी आले.